उर्वशीबाईले पोचवायले

आमचा बुडा मशीनमधल्या बाईले पोचवायले फाट्यापर्यंत जाये, असं मी सांगितलं की लोकं हसतात. हसू द्या. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं आहे. अजूनही भांडे घासता घासता ते आठवते, अन् माहा हात तिथीच थांबते.

माहं नाव कमला, बुड्याचं, म्हणजे माह्या नवऱ्याचं नाव देवराव. ब्रह्मपुरीच्या सडकेवर एक फाटा लागते. तिथून दीड किलोमीटर आत, जंगलाले लागून आमचं गाव. देवराव पस्तीस वर्षं गावचा पाणकर होता. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ सोडायचं, ते तो पाहे. धानाच्या हंगामात हा माणूस जेवायले घरी सापडत नव्हता. खांद्यावर फावडं घेतलं की शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं चालतच राहे. सरपंच असो की कोणी असो, पाणी नंबरानंच भेटन, असा त्याचा खाक्या. मी म्हणे, या माणसाचं लग्न तलावासंगंच लावून द्यायले पायजे होतं.

फागुनात तलावाच्या पायरीवरून घसरला अन् खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपुरात ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी डॉक्टरनं मले बाजूले बोलावलं. हाड चांगलं बसलं आहे म्हणे, पण हे चालले नाहीत तर बाजेवरच राहतील, अन् या वयात बाजेवर पडलेला माणूस बहुतेक वर्ष काढत नाही. हे मी कोणालेच सांगितलं नाई. पोरगा प्रफुल पुण्याले आहे, त्यालेही नाई. बुड्याले तं नाईच नाई. आतल्या आत ठेवलं अन् गावाले आली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो वॉकर घेऊन बाहेर निघाला. पानठेल्यापर्यंत गेला अन् तिथी चारचौघांत पडला. लागलं काही नाई. पण दोन पोट्ट्यांनं त्याले धानाच्या पोत्यासारखं उचललं अन् घरी आणून टाकलं. ते त्याच्या मनाले लागलं. त्या दिवसापासून बाजेवर बसला तो बसलाच. संडासापर्यंत जाये, तेही माहा खांदा धरून. मी ओरडून पाह्यलं, रडून पाह्यलं, दोन दिवस अबोला धरला. तो भिताडाकडं तोंड करून पडून राहे. असा राग ये मले, का सांगू! पण रागाच्या खाली भेव होतं. पाठमोरा पडलेला तो दिसला की डॉक्टरचं वर्ष मी बोटावर मोजे.

सावनात उपकेंद्राची नर्स नंदिनी एक टॅब घेऊन आली. कोणत्या तरी संस्थेनं गावातल्या पाच म्हाताऱ्यांसाठी पाठवले होते म्हणे, दहा आठवड्यांपुरते. त्यात एक बाई दिसे. चित्रातली, पण पापण्या मिटे, मान हलवे, अन् आपण बोललं ते ऐकून उत्तर दे. उर्वशीबाई तिचं नाव. गुलाबी पातळ, चापूनचोपून केस, बोलणं पुस्तकातल्यासारखं. रोज चार वाजता ती आपोआप येईन, दहा मिनिटं बोलन, कालच्या चारपासून किती पावलं झाली ते सांगन अन् आज किती चालायचं ते ठरवून देईन, असं नंदिनीनं समजावलं. पावलं मोजायले बुड्याच्या पायाले एक पट्टा बांधून देल्ला. मी मनात म्हणलं, माह्या शिव्यांनं जो हलला नाई तो या बाहुलीच्या गोड बोलण्यानं हलन का?

पण एक झालं. चार वाजले की बुडा उठून बसे. खांद्यावर दुपट्टा घे, केसावरून हात फिरवे, अन् टॅबसमोर नीट बसून ‘हो जी बाई, नाई जी बाई’ करे. मले तं पाच महिन्यांत त्याची पाठच दिसली होती. ती म्हणे, आजोबा, कालपासून बावीस पावलं झाली, आज तीस करू या का? हा म्हणे, पाहू जी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बावीसच. तिसऱ्या दिवशीही बावीस. पण त्या बाईचा आवाज काही चढला नाई. सहाव्या दिवशीही तेवढ्याच मायेनं म्हणली, हरकत नाही, आजोबा. मी चुलीपाशी बसून ऐकून राह्यली होती. एवढा सबुर माह्यात कुठून येईन, असं वाटलं.

सातव्या दिवशी मी एक लबाडी केली. नंदिनी त्या दिवशी उपकेंद्रात बसून सगळ्यांचे आकडे पाहणार होती, अन् पाचही म्हाताऱ्यांत आमचाच नंबर सगळ्यात खाली होता. सकाळी बुडा झोपला होता, तेव्हा त्याच्या पायाचा पट्टा सोडला, माह्या पायाले बांधला अन् धानाच्या रोवण्यावर गेली. चिखलात वाकून मागं मागं सरकायचं, मधात पेंड्या आणायले धुऱ्यावरून जायचं यायचं, दिवसभर तेच. घरी आली अन् चारच्या आत, तो डुलकीत असतानाच, पट्टा गुपचूप त्याच्या पायाले बांधून टाकला.

चार वाजले. उर्वशीबाई आली. “आजोबा, कालपासून चार हजार एकशे बारा पावलं! मला फार आनंद झाला. कसं जमवलंत हे तुम्ही?”

बुड्यानं पट्ट्याकडं पाह्यलं. पट्ट्याले माहा चिखल वाळून लागला होता. मंग माह्याकडं पाह्यलं. मी खाली मान घातली. टॅबमधली बाई पापण्या मिटत उत्तराची वाट पाहत राह्यली. शेवटी तो म्हणला, सांगण्यासारखं काही नाई, बाई. ती म्हणली, ठीक आहे, मी निघते आता, उद्या भेटू.

आता आमच्या गावचं एक तुम्हाले सांगायले पायजे. बारा वर्षामागं याच वाटेवर एका बाईले वाघानं नेलं होतं. तेव्हापासून दुपारनंतर पाहुण्याले एकटं फाट्यावर जाऊ द्यायचं नाई, असं गावानं ठरवलं. ज्याच्या घरी तो आला त्यानं दोघं-तिघं घेऊन त्याले पोचवायचं, अन् सवारी जीप नजरेआड होईपर्यंत तिथी उभं राहायचं. बुद्धविहारात सगळ्यांसमोर हे ठरलं, तेव्हा पहिला हात देवरावनंच वर केला होता. आमच्या घरून कोणी पाहुणा कधी एकटा गेला नाई. मशीन विकायले आलेला एजंटही नाई.

तर बाई निघते म्हणली, अन् बुडा बाजेच्या काठावर सरकला. पाय खाली सोडले. वॉकर दे म्हणला. मले वाटलं संडासले जायचं आहे.

“बाईले पोचवून येतो,” तो म्हणला.

पाय गेले तं गेले, आता डोकंही गेलं वाटते. मी त्याले समजावलं, अवो, ते मशीन आहे, चित्र आहे ते, ती कुठी जाते?

“मले समजत नाई का ते?” तो म्हणला. “सात दिवस आपल्या छपरीत येऊन बसली ती. आज आपण तिले खोटं सांगितलं. आता निघते म्हणते तं बसून राहू का मी?”

मी वॉकर देल्ला. तो उठला. टॅब हातात धर म्हणला, पदराखाली झाकू नको. मी धरला. तो पुढं, मी मागं, असे आम्ही अंगणात उतरलो. वॉकर उचलायचा, टेकवायचा, पाय टाकायचा, दम घ्यायचा. कपाळावरून घाम गळत होता. कवाडापर्यंत एकतीस पावलं झाली, मीच मोजली. कवाडाले धरून तो फाट्याच्या दिशेनं पाहत उभा राह्यला अन् हळूच म्हणला, आज इथूनच, बाई. जसं खरंच कोणाची माफी मागून राह्यला.

त्या दिवशी माहा स्वयंपाक दोनदा करपला. पाच महिने मी डोकं फोडून घेतलं, डॉक्टरनं सांगितलं, पोरानं फोनवर हात जोडले. कोणाच्या सांगण्यानं जो उठला नाई तो माणूस एक पाहुणी निघते म्हणली म्हणून उठला. माणसाच्या आत एवढं का असते, अन् ते आपल्याले इतक्या वर्षांत दिसत काऊन नाई, हेच मी विचार करत बसली.

दुसऱ्या दिवशी पट्टा त्याच्याच पायाले होता, अन् बाईले त्यानं कालचं खरं ते सांगून टाकलं. ती म्हणली, सांगितलंत ते बरं केलंत. मंग निघते म्हणली अन् हा पुन्हा उठला. त्या दिवशी शेजारच्या धुरपताच्या घरापर्यंत. चार दिवसांनं विहारापर्यंत. धुरपता तोंडाले पदर लावून हसे. वारलू त्याचा लहानपणचा सोबती, जिभेचा भल्ला तिखट. त्यानं विचारलं, का गा देवराव, कोणाची पोरगी बोळवून राह्यला? देवराव म्हणला, पाहुणी आहे. वारलूनं चप्पल घातली अन् सोबत निघाला. तिघं पायजेत ना, गावचं ठरलेलं आहे.

मंग रोज अशी आमची वरात निघे. पुढं बुडा वॉकर टेकवत, बाजूले वारलू, मागं मी टॅब घेऊन. टॅबवरची बाई तं केव्हाचीच गेलेली असे, नुसती काळी काच. परत येताना जिले पोचवलं तीच माह्या हातात असे, पण हे तोंडानं बोलायची कोणाची हिंमत नव्हती. एक दिवस पानठेला आला. ठेल्यावर तेच पोट्टे उभे होते. त्यातल्या विक्कीच्या मोबाइलवर गाणं वाजत होतं. बुड्याले येताना पाह्यलं अन् त्यानं गाणं बंद केलं. सगळे सरकून उभे राह्यले. बुडा त्यांच्यासमोरून हळूहळू, एकेक पाऊल टाकत, पुढं निघून गेला. कोणाकडं पाह्यलंही नाई त्यानं.

पाचव्या आठवड्यात आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचलो. सात दिवसांचा पाऊस नुकताच उघडला होता. तलाव भरत आलेला, पलीकडं जंगल हिरवंकाळं, अन् सगळं पाणी असं निवांत की त्यात ढग मोजून घ्यावे. मी रोज तिथी धुणं धुते. पण त्या दिवशी बुड्याच्या बाजूले उभी राह्यली अन् मले वाटलं, हे मी कधी पाह्यलंच नाई. त्यानं पाण्यावरून नजर फिरवली. मंग एवढंच म्हणला, सांडव्याच्या दगडापासून चार बोटं कमी आहे, कार्तिकात पाण्याची ओढ बसन. वारलूनं काठी घालून मोजलं. बरोबर चार बोटं निघाली. पाच महिने भिताडाकडं पाहत पडलेल्या माणसाच्या डोळ्यात तलाव जसाच्या तसा होता.

अन् एक दिवस तं अंगावर काटाच आला. पाळीच्या पुढं सडक मुरमाची आहे, पावसानं मऊ झाली होती. आदल्या दिवशीच्या वॉकरच्या चार पायांचे गोल ठसे तिथी स्पष्ट दिसत होते. त्या ठशांवर, अगदी वर, वाघाचा पंजा उमटलेला. एक नाई, रांगेनं सात-आठ. जिथून बुडा वळला होता तिथपर्यंत तो त्याच ठशांच्या वरून गेला होता अन् मंग जंगलात उतरला होता. आम्ही तिघं उभे राह्यलो. वारलूचा चेहरा उतरला. बुड्यानं वाकून पाह्यलं, हात जोडल्यासारखे केले, अन् म्हणला, सकाळचं आहे, गेला तो. मंग वॉकर त्याच जागी टेकवला अन् पुढचं पाऊल टाकलं. मले भेव वाटायले पायजे होतं. नाई वाटलं. देवळा-विहारात जसं मन होते, तसं झालं.

नवव्या आठवड्यात आम्ही फाटा गाठला. वॉकर केव्हाच सुटला होता, हातात काठी होती. सवारी नेणाऱ्या मिथुनची जीप उभी होती. त्यानं विचारलं, कोण येते? बुडा म्हणला, कोणी नाई, तू जा. जीप निघाली. बुडा ती नजरेआड होईपर्यंत उभा राह्यला. मीही राह्यली, काळी काच छातीशी धरून. त्या जीपमध्ये कोणी बसलं नव्हतं, हे आम्हा तिघांलेही माहीत होतं. तरी माह्या डोळ्याले धारा लागल्या.

दहा आठवडे भरले अन् नंदिनी टॅब परत न्यायले आली. बुड्यानं विचारलं, त्या बाईले आता कुठी पाठवता? ती म्हणली, दुसऱ्या जिल्ह्यात. बरं, तो म्हणला. नंदिनीले आम्ही फाट्यापर्यंत पोचवलं, टॅब तिच्या पिशवीत होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो उठून बसला. दुपट्टा घेतला. साडेचार झाले. पाच झाले. त्यानं दुपट्टा काढून खुंटीले लावला अन् बाजेवर आडवा झाला, भिताडाकडं तोंड करून. तिसऱ्या दिवशीही तेच. मी आवाज देल्ला तं ‘हूं’ही नाई. पाहुणी होती म्हणून चालला, पाहुणी गेली, आता कोणासाठी चालन? डॉक्टरच्या वर्षाचे चार-पाच महिनेच राह्यले होते. पुन्हा बोटावर मोजायले लागली मी.

त्यातच वरोऱ्याहून फोन आला, माही बहीण रुखमाबाई डेंगूनं दवाखान्यात आहे, जवळ कोणी नाई. जाणं भाग होतं. बुड्याच्या दोन वेळच्या भाकरीचं धुरपताले सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी पिशवी भरली. बाजेजवळ उभी राहून म्हणलं, वरोऱ्याले जाऊन येते, धुरपता डबा आणन, गोळ्या उशाशी आहेत. तो पाठमोराच होता. मी चप्पल घातली अन् अंगणात उतरली. रडू येत होतं अन् रागही. सेहेचाळीस वर्षांत मी कितीदा माहेरी गेली, बाळंतपणाले गेली, दवाखान्यात गेली. हा माणूस मले पोचवायले कधी आला नाई. तेव्हा त्याचा तलाव होता, आता त्याची बाज आहे. घरच्या बाईले कोण पोचवते? ती का पाहुणी आहे?

कवाडाजवळ पोचली अन् मागून काठीचा आवाज आला.

मी वळून पाह्यलं. दुपट्टा खांद्यावर होता. अंगणात उतरून तो वारलूले आवाज देऊन राह्यला होता, चाल गा, फाट्यापर्यंत जायचं आहे. माह्या हातातली पिशवी त्यानं मागितली. मी नाई देल्ली. दीड किलोमीटर आम्ही चाललो. मध्ये दोनदा थांबला, पाळीवर अन् सडकेच्या मोरीवर. वारलू मुद्दाम पुढं पुढं चालत होता.

फाट्यावर जीप उभीच होती. तेव्हा माह्यानं राहावलं नाई. दवाखान्यातलं सगळं सांगून टाकलं.

“डॉक्टरनं मले तुमचं एकच वर्ष सांगितलं होतं,” मी म्हणलं. “बाजेवर राह्यले तर.”

त्यानं माह्याकडं पाह्यलं. “तुले सांगितलं त्यानं,” तो म्हणला. “मले कुठी सांगितलं?”

अन् बस म्हणला, सीट जाईन.

मी मागच्या सीटवर बसली. जीप निघाली. तो काठी टेकून उभा होता, बाजूले वारलू. वळण येईपर्यंत दोघंही हलले नाई. मिथुन आरशातून विचारत होता, काकू, काऊन रडता? मी म्हणलं, तू समोर पाह्य.

दुपारी वरोऱ्याच्या दवाखान्यातून घरी फोन लावला. रिंग वाजली, वाजतच राह्यली. कोणी उचलला नाई. सात महिने त्याचा फोन उशाशीच असे, पहिल्या रिंगले उचले तो. वाटेत पडला का? मी वारलूले फोन लावला. वारलू वैतागलेला होता. म्हणला, वैनी, तुमच्या बुड्याले समजवा, मले सोडून परस्पर पाळीवर गेला, दोन घंटे झाले, नवीन पाणकराशी पाण्याच्या नंबरावरून भांडून राह्यला, भाकर खायलेही येत नाई.

मी फोन ठेवला. मंग उगीचच पुन्हा त्याचाच नंबर लावला. रिकाम्या बाजेवर तो वाजत होता. रुखमाबाईनं विचारलं, कोणी उचलत नाई तं ठेवत काऊन नाई? मी म्हणलं, वाजू दे.